पीएचडीचा अर्ज नागपुरात भरताय? या चुका टाळा

पीएचडी प्रवेशाची जाहिरात आली की नागपुरात सगळी चर्चा परीक्षेभोवती फिरायला लागते. पेटला, म्हणजे विद्यापीठाच्या पीएचडी प्रवेश परीक्षेला, प्रश्न कसे येतात, नोट्स कुठे मिळतात, क्लास लावावा का. परीक्षा महत्त्वाची आहेच. पण पेट किंवा नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा पास होऊनही वर्ष वाया गेलेली मुलं-मुली दर हंगामात भेटतात आणि त्यांचं घोडं बहुतेक वेळा एकाच जागी अडलेलं असतं. विषय ठरलेला नसतो, म्हणून गाईड, म्हणजे संशोधनाचे मार्गदर्शक, हो म्हणत नाहीत. गाईड उशिरा मिळतात, म्हणून सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, चार रात्रींत लिहिला जातो आणि तो मंजूर करणाऱ्या समितीसमोर टिकत नाही. गडचिरोली, गोंदिया, भंडाऱ्याकडून येणारी, घरात पहिल्यांदाच इथवर शिकलेली मुलं यात सर्वात जास्त भरडली जातात, कारण त्यांना हे आधी सांगणारं कोणी नसतं. म्हणून सुरुवात विषयापासून करू. परीक्षेचं नंतर बघू.

चूक : आधी पास होऊ, विषय मग ठरवू

‘विदर्भातील शेतकऱ्यांच्या समस्या : एक चिकित्सक अभ्यास’. अशा शीर्षकाचे आराखडे हमखास येतात. विदर्भ म्हणजे ११ जिल्हे. शेतकरी कोणता, यवतमाळचा कोरडवाहू कापूसवाला की भंडाऱ्याचा धानवाला? समस्या कोणती, कर्ज, पाणी, भाव की रानडुकरं? मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, “नेमकं काय शोधणार?” आणि उमेदवार शेतीच्या दुरवस्थेवर भाषण सुरू करतो. तिथेच गुण जातात.

हाच उमेदवार काटोलचा असेल आणि घरी संत्र्याची बाग असेल, तर खरा प्रश्न त्याच्या अंगणातच असतो. आंबिया बहराची फळं झाडावर असतानाच बाग व्यापाऱ्याला ठोक देऊन टाकायची, की तोडा करून माल नागपुरात कळमन्याच्या बाजारात न्यायचा? शेतकरी हे कशावरून ठरवतो? पैसा लवकर हातात यावा म्हणून, मजूर मिळत नाहीत म्हणून, की फळगळीची जोखीम दुसऱ्याच्या डोक्यावर टाकावी म्हणून? काटोल आणि नरखेड हे दोनच तालुके घ्या, निवडक गावं, दोन हंगाम. आता कोणाला भेटायचं, काय विचारायचं, बाजार समितीकडून कोणते आकडे मागायचे, हे सगळं आपोआप दिसायला लागतं. गाईडलाही दिसतं, आणि समितीलाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांची चूक हीच असते, फक्त कपडे वेगळे. ‘झाडीपट्टी रंगभूमी : एक अभ्यास’, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांवर सरसकट काम, हा विषय होत नाही. वडसा आणि आसपासच्या नाटक मंडळ्यांच्या संहितांमध्ये गेल्या काही वर्षांत बोलीचा वापर कसा बदलला, हा विषय होऊ शकतो, पण त्या संहिता तुमच्या हाती येणार असतील तरच. सामग्री मिळेल की नाही, हे अर्जाच्या आधी तपासा. ‘मिळेल हो’ एवढ्या भरवशावर नोंदणी केलेले दोन वर्षांनी विषय बदलायला धावतात.

आधी कोणी काय केलं, हे पाहण्यासाठी इन्फ्लिबनेटचं शोधगंगा हे भांडार फुकट खुलं आहे. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे आहेत. मराठी विषय शोधताना देवनागरीतही टाइप करा आणि रोमन अक्षरांतही, नाहीतर असलेला प्रबंध नाही असं वाटतं. तुमच्या विषयाच्या जवळचे तीन-चार प्रबंध उघडा आणि शेवटचं प्रकरण वाचा. पुढच्या संशोधनासाठी काय उरलं, ते बहुतेक तिथे लिहिलेलं असतं.

चूक : गाईडला शेवटी गाठणं

युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ पीएचडी विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या शिक्षकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. म्हणजे ज्या सरांचं नाव सगळे घेतात, त्यांच्याकडे जागा नसण्याची शक्यताच जास्त. ‘सर ओळखीचे आहेत, ते घेतीलच’ हा भरवसा त्यामुळे कामाचा नाही. सरांची इच्छा असली तरी नियम आडवा येतो. रिक्त जागांची यादी प्रसिद्ध झाली की ती आधी बघा. आपला विषय, आपलं संशोधन केंद्र आणि आपला प्रवर्ग या तिन्ही रकान्यांत जागा दिसते का, ते तपासा. तरुण सहायक प्राध्यापकांना कमी लेखू नका. त्यांच्याकडे जागाही असते आणि वेळही.

आता संपर्काचं. ‘आदरणीय सर, मला आपल्याकडे पीएचडी करायची आहे, कृपया मार्गदर्शन करावे’ हा एकच मेसेज वीस जणांना पाठवला जातो. उत्तर येत नाही, मग ‘गाईड लोक भावच देत नाहीत’ अशी तक्रार होते. त्या मेसेजमध्ये उत्तर देण्यासारखं काही असतं का? असं लिहून पाहा :

‘आदरणीय मॅडम, सादर नमस्कार. मी अर्थशास्त्रात एम.ए. केले असून नेट उत्तीर्ण आहे. काटोल-नरखेड भागातील संत्रा विक्रीच्या पद्धतींवर काम करण्याचा विचार आहे. कृषी पणनावरील आपले लेख वाचले. त्यात कापसाच्या विक्रीसाठी आपण वापरलेली पद्धत संत्र्याला लागू करता येईल का, याबाबत आपले मत हवे होते. दोन पानी टिपण सोबत जोडले आहे. आपल्या सोयीने पंधरा मिनिटे वेळ मिळाल्यास भेटायला येईन.’

इथे ‘लेख वाचले’ हे खरं असलं पाहिजे. भेटीत पहिल्या दोन मिनिटांतच कळतं. आणि भेटायला जाताना ते टिपण कागदावर छापून न्या. मोबाईलवर दाखवत बसू नका.

चूक : सिनॉप्सिस दुसऱ्याकडून लिहून घेणं

‘सिनॉप्सिस, थिसिस तयार करून मिळेल’ अशा जाहिराती झेरॉक्सच्या दुकानांपासून व्हॉट्सअॅप ग्रुपपर्यंत सगळीकडे दिसतात. त्यांच्या वाट्याला जाऊ नका. पैसे जातात हे तर आहेच, पण मोठं नुकसान पुढे होतं. ज्या आराखड्यातलं गृहीतक तुम्ही मांडलेलं नाही, त्याचा बचाव तुम्ही करू शकत नाही. “नमुना १०० चाच का?” या साध्या प्रश्नावर उमेदवार गप्प होतो. एआयकडून लिहून घेतलेल्या आराखड्यांचंही तेच, वर संदर्भसूचीत अस्तित्वातच नसलेली पुस्तकं येतात. यादीतलं प्रत्येक पुस्तक, प्रत्येक लेख तुमच्या डोळ्यांखालून गेलेला असावा, नसेल तर तो काढून टाका. बारा खरे संदर्भ साठ उसन्या संदर्भांपेक्षा कितीतरी बरे. युजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलेलं आहे. त्यापुढे प्रबंधाला टप्प्याटप्प्याने कारवाई लागते. सवय आत्ताच लावून घ्या.

चूक : नेट, जेआरएफ आणि पेट यांत गोंधळ

जून २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो. पहिला जेआरएफ (संशोधनासाठीची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती), सहायक प्राध्यापक आणि पीएचडी तिन्हींसाठी पात्र, दुसरा सहायक प्राध्यापक आणि पीएचडीसाठी, तिसरा फक्त पीएचडीसाठी. जेआरएफवाल्यांचा प्रवेश मुलाखतीवर ठरतो. इतर दोन गटांना नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भारांक आहे. आणि या दोन गटांचा निकाल पीएचडी प्रवेशासाठी एक वर्षच चालतो. हे न कळल्याने ‘नेट तर झालंय, पुढच्या वर्षी बघू’ म्हणणारे फसतात.

विद्यापीठ स्वतःची प्रवेश परीक्षा घेत असेल, तर युजीसीच्या चौकटीत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. उत्तीर्ण व्हायला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ५ टक्क्यांची सूट. भाषा आणि इतिहासाची मुलं संशोधन पद्धतीचा भाग ‘तो सायन्सवाल्यांचा’ म्हणून सोडून देतात आणि तिथेच आपटतात. नमुना निवड, गृहीतक, चल, मध्य आणि प्रमाण विचलन एवढं तरी पक्कं करा. नेट चालणार की पेट द्यावी लागणार, हे मित्राला न विचारता त्या वर्षीच्या अधिसूचनेत वाचा.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाबाहेरही शहरात आणि जवळपास वाटा आहेत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. अभियांत्रिकी आणि विज्ञानाला व्हीएनआयटी, पर्यावरण विज्ञानाला नीरी, पशुवैद्यकाला माफसू, कायद्याला राष्ट्रीय विधी विद्यापीठ, संस्कृतला रामटेकचं कविकुलगुरू कालिदास विद्यापीठ. प्रत्येकाची जाहिरात वेगळी निघते, निकषही वेगळे असतात.

चूक : कागदपत्रं अर्जाच्या आठवड्यात गोळा करणं

पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांगांना ५ टक्के सूट आहे. ५४.९ म्हणजे ५५ धरतील, या आशेवर बसू नका. गुणपत्रिकेवर फक्त सीजीपीए असेल, तर टक्केवारीत रूपांतर केल्याचं प्रमाणपत्र विद्यापीठाकडून आधीच काढून ठेवा.

नॉन-क्रिमीलेअरची मुदत संपलेली असणं ही सर्वांत वारंवार दिसणारी अडचण. ते आपले सरकार केंद्रावरून नव्याने काढायला वेळ लागतो, आणि अर्जाची शेवटची तारीख तुमच्यासाठी थांबत नाही. दुसरं म्हणजे नेटला केंद्राची ओबीसी यादी लागते आणि राज्याच्या विद्यापीठात राज्याची. दोन्हींचे नमुने वेगळे आहेत. एकाच प्रमाणपत्रावर दोन्हीकडे काम होईल असं समजू नका.

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या विद्यार्थ्यांसाठी खास सूचना. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ वेगळं झालं. त्यानंतरची पदवी तिथली असेल, तर नागपूर तुमच्यासाठी दुसरं विद्यापीठ आहे, आणि मायग्रेशन सर्टिफिकेट मागितलं जाणार हे धरून चाला. आणि लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंनी आधार, गुणपत्रिका आणि जातीचा दाखला यांतली नावं आजच शेजारी ठेवून पाहावीत. फरक असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखला हाताशी ठेवा.

ऑनलाइन अर्जात पैसे कापले गेले आणि ‘पेमेंट पेंडिंग’ दिसलं, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट घ्या, एखादा दिवस थांबा, स्थिती पुन्हा तपासा आणि मग हेल्पडेस्कला लिहा. शेवटच्या दिवशी हे करायला दिवसच उरत नाही. अर्ज मुदतीच्या आठवडाभर आधी भरावा, तो त्यासाठीच.

नोकरी, घर आणि पीएचडी

अर्धवेळ पीएचडी करता येते, पण नोकरीच्या ठिकाणाहून ना हरकत प्रमाणपत्र लागतं. संशोधनाला वेळ देता येईल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएचडीच्या वर्गांसाठी) कार्यमुक्त करू, असं त्यात स्पष्ट असावं. नुसतं ‘हरकत नाही’ लिहिलेलं पत्र परत येऊ शकतं. एजंट ‘घरबसल्या ऑनलाइन पीएचडी’ म्हणाला, तर त्याच्यापासून लांब राहा. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने केलेल्या पीएचडीला युजीसीची मान्यता नाही.

मुलींना घरून सांगतात, ‘लग्न झाल्यावर बघू’. त्यांच्यासाठी हे ठळक सांगतो. पीएचडीला किमान ३ वर्षं, कमाल ६, पुनर्नोंदणीने आणखी २. महिलांना त्याउपर २ वर्षं अधिक मिळू शकतात, आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. लग्नामुळे दुसऱ्या गावी जावं लागलं, तर संशोधनाची सामग्री नव्या संस्थेत नेण्याची तरतूद नियमांत आहे. हे घरच्यांना कागदावर दाखवा. ऐकतात.

शिष्यवृत्तीचं गणित प्रवेशाआधीच मांडा. जेआरएफला जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. जेआरएफ नसेल, तर बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त), टीआरटीआय (अनुसूचित जमाती) या राज्याच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, आणि महाज्योतीचं मुख्य कार्यालय नागपुरातच आहे. अशा अर्जांत पीएचडी नोंदणीची तारीख आणि नोंदणीपत्र पाहिलं जातं. प्रवेश निश्चित झाला की ते पत्र लगेच मागून घ्या. ‘नंतर नेतो’ म्हणणाऱ्यांची जाहिरातीची मुदत हुकते.

आराखडा समितीने परत केला तर

संशोधन व मान्यता समितीसमोर, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या आरआरसीसमोर आराखडा अडला की बहुतेक जण खचतात आणि विषयच बदलतात. आधी शेरा लेखी मिळतो का पाहा. ‘सुधारणा करून सादर करा’ आणि ‘नामंजूर’ यांत फरक आहे. पहिल्यात विषय मान्य असतो, खोट व्याप्तीत, पद्धतीत किंवा शीर्षकाच्या शब्दांत असते. शेऱ्यातला प्रत्येक मुद्दा डावीकडे आणि तुम्ही केलेला बदल पान क्रमांकासह उजवीकडे, असा तक्ता करून सुधारित आराखड्याला जोडा. समितीसमोर दिवसभरात कितीतरी आराखडे येतात. तुमचा मागचा आराखडा त्यांच्या लक्षात असेलच असं नाही, पण तक्ता समोर असला की बोलणं थेट बदलांवर येतं. नामंजूर झाला असेल तर गाईडबरोबर बसून आधी एवढंच ठरवा : प्रश्न चुकला होता, की सामग्री कमी पडली? सामग्री कमी पडली असेल, तर तोच प्रश्न घेऊन आणखी दोन गावांत फिरून या आणि पुढच्या बैठकीची तारीख विचारून ठेवा.