आतड्यातलं म्युकस आणि जिवाणू: प्रयोगात या चुका टाळा

कोल्हापुरात मायक्रोबायोलॉजीत संशोधन करणाऱ्या मुलामुलींना एकच कळकळीचं सांगणं आहे: प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या पेशींवर जिवाणू चिकटले का, हे बघण्याआधी चिकटायला म्युकस (पेशींवरचा बुळबुळीत थर) आहे का ते बघा.

कॅको-२ या मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून आलेल्या पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मिळतात, वाढतातही छान. पण म्युकस त्या जवळजवळ बनवतच नाहीत. जोडीला एचटी२९-एमटीएक्स या म्युकस बनवणाऱ्या पेशी मिसळल्या की थर मिळतो, मात्र त्यात मुख्यतः एमयूसी५एसी हे जठरातलं म्युसिन (म्युकसचं मुख्य प्रथिन) असतं. मोठ्या आतड्यातलं म्युसिन एमयूसी२. तेच हवं असेल तर एलएस१७४टी पेशी घ्या, किंवा खर्च झेपत असेल तर आतड्याच्या मूळपेशींपासून वाढवलेले ऑर्गनॉइड, म्हणजे आतड्याच्या इवल्या प्रतिकृती.

खरा घात होतो तो शेवटच्या दिवशी. तीन आठवडे जपलेला थर नमुना टिकवण्यासाठी आपण सवयीने फॉर्मेलिनमध्ये बुडवतो. तो आकसतो, धुऊन जातो आणि जिवाणू थेट पेशींवर बसलेले दिसतात. मग ‘जिवाणूंनी थर भेदला’ असं लिहून मोकळे! त्याऐवजी नमुना टिकवायला कार्नॉय हे मिश्रण वापरा: मिथेनॉल ६० भाग, क्लोरोफॉर्म ३०, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड १०. क्लोरोफॉर्मने पॉलिस्टायरीनची प्लेट विरघळते, पेशी ज्यावर वाढतात तो पॉलिकार्बोनेटचा पडदाही टिकत नाही. म्हणून पीईटी प्लास्टिकच्या पडद्याचे इन्सर्ट (प्लेटमध्ये बसणारे, तळाशी पडदा असलेले कप) घ्या, पडदा कापून काचेच्या भांड्यात ठेवा, काम फ्यूम हूडमध्येच करा. आधी पीबीएसने (क्षारांच्या बफर द्रावणाने) खळखळून धुऊ नका. जिवाणू न घातलेला एक पडदा अल्शियन ब्लू या म्युकस निळं रंगवणाऱ्या रंगाने रंगवा. निळा थर दिसला नाही, तर त्या खेपेचे आकडे वापरू नका.

पेन-स्ट्रेप (पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन ही प्रतिजैविकं) जिवाणू घालण्याच्या किमान एक दिवस आधी बंद करा. ई. कोलाय पोषक मीडियममध्ये (पेशी वाढवण्याच्या द्रवात) वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. रात्रभर ठेवलात तर सकाळी मीडियम पिवळं, म्हणजे आम्लधर्मी, आणि पेशी मेलेल्या. दोन-चार तासांनी सुटे जिवाणू हलक्या हाताने काढून ताजं मीडियम घाला. वळवाच्या पावसात लाईट गेली तर इन्क्युबेटरचं दार उघडू नका. कार्बन डायऑक्साइड निघून गेला की मीडियम गुलाबी, म्हणजे अल्कधर्मी, होत जातं.

बॅक्टेरॉइड्ससारख्या विनॉक्सी (ऑक्सिजनविना जगणाऱ्या) जिवाणूंना साध्या इन्क्युबेटरमधला ऑक्सिजन सोसत नाही, पण डीएनए रंगवला की मेलेलेही चमकतात. त्यामुळे विनॉक्सी जारमध्ये प्लेटिंग करून (पोषक थरावर पसरून वाढवून) जिवंत किती ते मोजा. शिवाय उष्णतेने मारलेले तेच जिवाणू शेजारच्या इन्सर्टवर घाला. तेही तितकेच चिकटले, तर त्याला वसाहत म्हणता येणार नाही.