आज्जींना परड्यात जायचं होतं

फिजिओथेरपीचा निकाल लागला की दरवर्षी पाच-सहा मुलामुलींचे फोन येतात. प्रश्न ठरलेला असतो: क्लिनिक टाकू, एमपीटीएच म्हणजे पदव्युत्तर पदवी करू की परदेशाचं बघू? मी यातलं काहीच केलं नाही. गेली सहा वर्षं मी म्हातारपणातल्या परावलंबनावरच्या संशोधनात आहे. सत्तरीपुढच्या माणसांना उठणं-बसणं, चालणं, अंघोळ हे सगळं दुसऱ्याच्या हातावर सोपवायची वेळ येऊ नये, आलीच तर उशिरा यावी, यासाठी काय करता येतं ते शोधायचं. कोल्हापुरातल्या पेठा आणि करवीर तालुक्यातली गावं हे माझं क्षेत्र. वाहन स्कूटी, आणि स्कूटीच्या मागं दोरीनं बांधलेली बिनहाताची लोखंडी घडीची खुर्ची. खुर्चीचं पुढं सांगते.

'आंतरविद्याशाखीय' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, अर्जाला वजन यावं म्हणून घालत असतील. गटात डॉक्टर, मी, आहारतज्ज्ञ, समाजकार्य शिकलेला एक मुलगा आणि पुण्याहून येणाऱ्या संख्याशास्त्राच्या मॅडम. सुरुवातीला प्रत्येक जण आपापला तक्ता घेऊन जायचा, भरायचा, परत यायचा. एका घरात आम्ही चौघं चार वेगवेगळ्या दिवशी गेलो आणि चौघांनीही आज्जींना वय विचारलं. चौथ्याला त्या म्हणाल्या, "सोमवारपास्नं वाढलं न्हाई बघा." त्या दिवसापासून एकच तक्ता झाला. तो कुणी एकानं भरायचा आणि बाकीच्यांनी त्याच्यावर भांडायचं. माझ्या मते खरं काम तिथून सुरू झालं.

नव्यानं येणाऱ्यानं सगळ्यात आधी प्रश्न विचारायला शिकावं. यंत्रं नंतर. सिडनी कॅट्झ यांनी 1963 साली रोजच्या सहा कामांची मोजणी मांडली: अंघोळ, कपडे, शौचाला जाणं, अंथरुणातून उठणं, मलमूत्रावर ताबा आणि जेवण. ती आजही जगभर वापरतात, आम्हीही वापरतो. पण मराठीत "तुम्हाला अंघोळ करता येते का?" असं विचारलंत की उत्तर एकच येतं, "येती की!" मीही पहिले दोन महिने 'येते' या रकान्यात खुणा करत गेले. मग एकदा पाणी प्यायला आत गेले आणि सूनबाईंनी सांगितलं, बादली मी ठेवते, पाठ मी चोळते, उठवतेही मीच. आज्जी खोटं बोलल्या नव्हत्या. करता येतं का, असं मी विचारलं होतं. कशी करता, हे विचारलंच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2001 च्या वर्गीकरणात क्षमता आणि प्रत्यक्ष कृती या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत. ते मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं, कळलं त्या न्हाणीजवळ. आता मी विचारते, "काल अंघोळ कशी झाली ते सांगा बघू." मग बादली, स्टूल, सून, भिंतीचा आधार, सगळं आपोआप बाहेर येतं.

याच्याही अलीकडची एक पायरी असते आणि माझ्या दृष्टीनं सगळं सोनं तिथंच आहे. लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाल्टिमोरमधल्या वृद्ध स्त्रियांबद्दल दाखवून दिलं, की "त्रास होतो" असं म्हणायच्या आधीच माणूस काम करण्याची पद्धत बदलतो. आपल्याकडं बघा. चुलीपुढं मांडी घालून भाकरी थापणाऱ्या आज्जी ओट्याशी उभ्या राहून थापायला लागतात. अंबाबाईच्या देवळात रांगेत उभं राहण्याऐवजी मुखदर्शनावर भागवतात. जोतिबाला "पुढल्या साली बघू." गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर रोज जाणारे आजोबा नातवाला पाठवतात. विचारलं तर कुणालाच काही त्रास नसतो! सरळ प्रश्नावलीत हे सापडत नाही. "हे आधी कसं करत होता?" एवढं विचारलं की सापडतं, आणि रोखायचं असेल तर हीच वेळ असते.

आता खुर्ची. जॅक गुरालनिक आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये मांडलेली पायांच्या कामाची छोटी चाचणी या क्षेत्रातल्या प्रत्येकाला यावीच लागते. तीन प्रकारे पाय ठेवून दहा-दहा सेकंद तोल सांभाळणं, नेहमीच्या चालीनं चार मीटर चालणं आणि हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठणं. प्रत्येकाला चार गुण, एकूण 12. सोपी वाटते ना? मॅडमनी एकदा माझ्या नोंदी पडद्यावर लावल्या आणि विचारलं, "फेब्रुवारीपासून तुमच्या गावातली सगळी म्हातारी माणसं अचानक हळू का उठायला लागली?" माणसं तीच होती. मी आधी ग्रामपंचायतीतली खुर्ची वापरत होते, फेब्रुवारीपासून ज्याच्या-त्याच्या घरातली वापरायला लागले होते. बुटकी, बसकी, प्लास्टिकची, शेणानं सारवलेल्या जमिनीवर सरकणारी. चौथा गुण मिळवायला पाच उठबशा साधारण 11 सेकंदांत व्हाव्या लागतात. तिथं दोन इंचांचा फरक म्हणजे निकालच बदलला. त्या नोंदी बाद कराव्या लागल्या. दीड महिन्याचं काम गेलं आणि चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून स्कूटीवर खुर्ची. तिची पाठ भिंतीला टेकवायची, मगच वेळ लावायची.

मॅडमचा विषय निघालाय तर एक गंमत. मुलाखतींची ध्वनिमुद्रणं ऐकून त्यांनी काही नोंदींत 'लिंग चुकले आहे' असा शेरा मारला होता. आमच्याकडच्या आज्जी "मी करतो की सगळं, मी एकटा जातो" असंच बोलतात. पुण्याच्या माणसाला सांगून पटेना. शेवटी मॅडमना एक दिवस गावात घेऊन गेले.

तालमीचं गाव असल्यानं आणखी एक धडा मिळाला. हाताची पकड मोजण्याचं यंत्र असतं. आशियाई तज्ज्ञगटाच्या 2019 च्या निकषांप्रमाणे पुरुषांत 28 किलोच्या आणि बायकांत 18 किलोच्या खाली पकड आली तर स्नायू अशक्त झालेत असं धरतात. मंगळवार पेठेतल्या एका जुन्या पैलवान आजोबांनी 40 च्या वर काटा नेला आणि माझ्याकडं बघून हसले. नंतर पाटावरून उठताना एक हात जमिनीला आणि दुसरा मुलाच्या खांद्याला! गुडघे कुस्तीतच गेले होते. एका आकड्यावर माणूस तोलू नये, हे मी त्यांच्याकडून शिकले. उलट, व्यायाम गळी उतरवायला तालमीचा उपयोगच झाला. 'व्यायाम करा' म्हटलं की पुरुष तोंड फिरवायचे, 'बैठका मारा, अर्ध्याच मारा' म्हटलं की उठायचे. बायकांचं अवघड. "जल्मभर कामच केलं, आता आणि व्यायाम कशाला?" याला माझ्याकडं अजून चांगलं उत्तर नाही. बॉस्टनमध्ये मारिया फियातारोन यांनी 1990 साली सरासरी नव्वदीच्या दहा माणसांना आठ आठवडे वजनं उचलायला लावली, आणि ताकद दुपटीहून अधिक वाढली, हे मी सांगते. ऐकून त्या म्हणतात, "त्यास्नी भांडी घासायला नसतील."

व्यायामानं परावलंबन खरंच टळतं का? या क्षेत्रात यायचं असेल तर अमेरिकेतला लाइफ हा अभ्यास मुळातून वाचा. 70 ते 89 वयाची 1635 माणसं, आठ केंद्रं, सरासरी 2.6 वर्षं. एका गटाला चालणं, ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम, दुसऱ्याला आरोग्याची व्याख्यानं. कसोटी एकच: 400 मीटर, म्हणजे धावण्याच्या मैदानाची एक फेरी, न बसता, कुणाचा हात न धरता 15 मिनिटांत पूर्ण होते का. 2014 मध्ये निकाल आला. व्यायामाच्या गटात 30.1 टक्के लोकांना कधी ना कधी ती फेरी जमेनाशी झाली, व्याख्यानांच्या गटात 35.5 टक्के. पहिल्यांदा वाचून मी हिरमुसले होते. एवढा खटाटोप आणि शंभरात पाच माणसं? मॅडम म्हणाल्या, "ती पाच माणसं मोजता यावीत म्हणून 1635 लागली. तू तीस जणांवर काय दाखवणार होतीस?" माझ्या आराखड्यात तीसच जण होते. तो आराखडा तिथंच संपला.

आणि आता परड्यातल्या आज्जी. आपण कोण आहोत हे विसरून माणसाला काय हवंय ते आधी विचारायचं, ही रीत आम्ही बाल्टिमोरच्या केपेबल या कार्यक्रमाकडून घेतली. जॉन्स हॉपकिन्सच्या सारा झँटन यांनी एक परिचारिका, एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि एक दुरुस्तीवाला कारागीर अशी तिघांची जोडणी केली. सुमारे पाच महिन्यांत जास्तीत जास्त दहा भेटी, आणि ध्येय त्या वृद्ध माणसानं ठरवायचं. 300 गरीब वृद्धांवरच्या चाचणीचे निकाल 2019 मध्ये आले आणि रोजच्या कामांतल्या अडचणी तुलनेच्या गटापेक्षा सुमारे 30 टक्क्यांनी कमी भरल्या.

आमच्या आज्जींचं ध्येय परड्यातल्या तुळशीला पाणी घालायचं. मला वाटलं, मांड्या अशक्त आहेत. शिवलेल्या कापडी पिशवीत वाळू भरून घोट्याला बांधली आणि सहा आठवडे व्यायाम करून घेतला. बारापैकी सहावरून आठ गुण झाले. मी खूश. पण आज्जी परड्यात जातच नव्हत्या. कारण सोप्यातून परड्यात उतरायच्या तीन दगडी पायऱ्या, त्यातली मधली हातभर उंच आणि धरायला काही नाही. समाजकार्याच्या मुलानं शेजारच्या गवंड्याला बोलावलं. त्यानं एका दुपारीत मधे अर्धी पायरी घातली आणि भिंतीला लोखंडी पाइप ठोकला. दुसऱ्या दिवशी सकाळी आज्जी तुळशीपाशी! मी बैठकीत हे रंगवून सांगितलं, तर मॅडमनी विचारलं, "मग काम कशानं झालं, व्यायामानं की पायरीनं?" सहा आठवड्यांच्या व्यायामाशिवाय ती पायरी चढता आली असती का? माहीत नाही. ते कळण्यासाठीच तर तुलनेचा गट लागतो. पण गवंड्याची मजुरी अंदाजपत्रकात आधीच धरावी लागते, हे मात्र पक्कं कळलं. आमच्यात ती 'किरकोळ' या सदरात शोधायची वेळ आली होती.

पाठपुराव्याचंही सांगते. वर्षातून एकदा जाऊन मोजलं की पुरे, असं समजू नका. येल विद्यापीठात टॉमस गिल यांनी सत्तरीपुढच्या 754 जणांना 1998 पासून दर महिन्याला फोन केले, आणि परावलंबन येतं, जातं, परत येतं असं दिसलं. बऱ्याचदा निमित्त असतं ते रुग्णालयात दाखल होणं. पडून राहिल्यानं पाय किती झपाट्यानं जातात ते घरच्यांना सांगत जा. इथं पंचगंगेला पूर आला की गावं स्थलांतर करतात, ऊसतोडीच्या हंगामात घरात कुणी नसतं, धारेच्या वेळी कुणी दारात उभं करत नाही. वेळापत्रक त्यांच्याकडून घ्या.

नोकरीबद्दल थोडक्यात. पदं प्रकल्पाच्या मुदतीपुरती असतात, त्यामुळं घरच्यांना आधी समजावून ठेवा. फिजिओथेरपीच हवी असं नाही. नर्सिंग, ऑक्युपेशनल थेरपी, समाजकार्य, आहारशास्त्र, संख्याशास्त्र, कुठूनही येता येतं. शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग आहे, सायबर या कोल्हापुरातल्याच संस्थेत समाजकार्य शिकवतात. त्या मुलांशी कॉलेजातच ओळख करून घ्या. 'आर' हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते शिका. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं 2017-18 मध्ये केलेल्या लासी पाहणीत 45 वर्षांवरच्या 72 हजारांहून अधिक भारतीयांची माहिती आहे. ती अर्ज करून मिळते आणि सरावाला त्याहून चांगलं काही नाही. नैतिकता समितीची परवानगी आणि चाचणी असेल तर देशाच्या नोंदवहीत नोंदणी, हे दोन्ही पहिल्या माणसाला हात लावायच्या आधी. लिहिता-वाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदार लागतो आणि मुलगा त्रयस्थ नसतो. हे मला दोनदा सांगावं लागलं होतं.

माझं सध्याचं भांडण जमिनीवरून उठण्याबद्दल आहे. आपली माणसं जेवायला, पूजेला, शौचाला, निवडणं-टिपणं करायला खाली बसतात, आणि गुरालनिक यांच्या चाचणीत सगळा कारभार खुर्चीवर. ब्राझीलच्या क्लाउदिओ आरौजो यांची जमिनीवर बसून उठण्याची दहा गुणांची चाचणी आहे, हात किंवा गुडघा टेकला की गुण कापायचा. पण ती त्यांनी आयुर्मानाशी जोडून तपासली. न्हाणीतून उठता येण्याशी तिचा किती संबंध आहे, हे मला हवंय. म्हणून मी प्रत्येक घरात, तक्त्यात रकाना नसताना, समासात लिहून ठेवते: कशाचा आधार घेतला, किती वेळ लागला, कोण धावलं. दोन वह्या भरल्यात. मॅडम म्हणतात, समासातलं मोजता येत नाही. येत्या शनिवारी त्या वह्या घेऊन त्यांच्यासमोर बसणार आहे, जमिनीवरच.