महामार्गावर टर्बो गाडी चालवताना या चुका टाळा

समृद्धी महामार्गावर टर्बो-पेट्रोल गाडी ताशी 100 किलोमीटरच्या स्थिर वेगाने धावत असताना तिचा टर्बो (एक्झॉस्टच्या झोतावर फिरून इंजिनात दाबलेली हवा भरणारा पंखा) पूर्ण जोर लावत असणार, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात सपाट रस्त्यावर तो वेग टिकवण्यासाठी इंजिनाच्या ताकदीचा लहानसा हिस्सा पुरतो. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, बराचसा मिटलेला असतो, एक्झॉस्टचा झोत बेताचा असतो आणि टर्बोची चाके फिरत असली तरी हवा फारशी दाबली जात नाही. टर्बोवरचा भार ठरतो तो इंजिनाकडून किती ताकद मागितली जाते यावरून. हे लक्षात न घेतल्यामुळे पुढच्या बऱ्याचशा चुका होतात, आणि चांगल्या स्थितीतले टर्बो उगाच बदलले जातात.

हल्ली अनेक जण स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे उपकरण) लावून मोबाइलवर आकडे पाहतात. स्थिर वेगात मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनाला हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांमधला, दाब 70 किंवा 80 किलोपास्कल दिसला, की टर्बो बंद पडल्याची शंका येते. पण हा दाब निर्वात पोकळीपासून मोजलेला असतो आणि समुद्रसपाटीवर वातावरणाचाच दाब सुमारे 101 किलोपास्कल असतो. त्यामुळे त्याहून कमी आकडा दिसणे म्हणजे थ्रॉटल मिटलेला आहे, एवढेच. ओव्हरटेक करताना पाय दाबल्यावर तो आकडा झपाट्याने शंभराच्या बराच वर जातो का, हे पाहावे. डिझेल गाडीत हवा अशी अडवली जात नसल्यामुळे तिथे स्थिर वेगातही थोडा बूस्ट (टर्बोने निर्माण केलेला जादा दाब) दिसतो, म्हणून दोन्ही इंजिनांची तुलना करू नये.

चढ लागल्यावरही टॉप गिअर न सोडणे ही दुसरी चूक आहे आणि ती महागात पडू शकते. कमी आरपीएमवर पाय पूर्ण दाबला, तर लहान थेट-इंजेक्शन टर्बो-पेट्रोल इंजिनांत ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेण्याचा धोका असतो; तो झटका पिस्टन फोडण्याइतका जोरदार असू शकतो. कसारा घाटात खालचा गिअर टाकून इंजिन जास्त आरपीएमवर फिरू द्यावे. ऑइल घेताना डब्यावर एपीआय एसपी हा ऑइलचा दर्जा पाहावा, कारण त्याच्या चाचण्यांत या दोषाचा विचार केलेला आहे. अर्थात गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेली ग्रेड आधी जुळली पाहिजे.

इंजिन बंद करण्याच्या बाबतीत दोन्ही टोकांच्या चुका दिसतात. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि बहुतेक गाड्यांत तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. भाराखाली तापलेला टर्बो एकदम थांबला, की बेअरिंगजवळचे ऑइल जळून कोळशासारखे थर धरते. त्यामुळे घाट जोरात चढून इगतपुरीला लगेच चहासाठी थांबलात, तर एक-दोन मिनिटे इंजिन तसेच चालू ठेवावे. सपाट रस्त्यावरून उतरून शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश आलेल्या गाडीला मात्र याची गरज नसते. अशी गाडी पाच-पाच मिनिटे चालू ठेवणारे केवळ इंधन जाळत असतात.

बीएस6 डिझेल गाडीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. डीपीएफमधली (एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जाळण्याचे काम सुरू असताना एक्झॉस्ट नेहमीपेक्षा बराच तापतो. ते अर्धवट सोडून पुन्हा पुन्हा इंजिन बंद केले, की काजळी साचते, टर्बोमागे दाब वाढतो आणि गाडी उठेनाशी होते. डॅशबोर्डवर त्याचा संकेत दिसत असेल तर शक्यतो तो जाईपर्यंत गाडी चालू द्यावी.

आता सर्वांत खर्चिक चूक. चेक इंजिनचा दिवा लागतो, ताकद निम्म्यावर येते, स्कॅनर पी0299, म्हणजे बूस्ट कमी असल्याचा कोड दाखवतो आणि गॅरेजमध्ये टर्बो बदलण्याचा सल्ला मिळतो. हा कोड दाब कमी पडल्याचे सांगतो. तो कुठे गेला हे सांगत नाही. इंटरकूलरचा (दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या भागाचा) होज फाटणे, क्लॅम्प सैल होणे, वेस्टगेटची (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेची) व्हॅक्यूम नळी तडकणे, ही कारणे आधी तपासावीत. होजच्या सांध्याभोवती ओलसर ऑइलवर धूळ चिकटून काळे कडे तयार झाले असेल, तर हवा तिथूनच निसटत असण्याची शक्यता मोठी. उभ्या गाडीत नुसता अॅक्सिलरेटर दाबून अशी गळती सहसा सापडत नाही, कारण भार नसताना पुरेसा दाबच तयार होत नाही. त्यासाठी इनटेकचे तोंड बंद करून आत बेताच्या दाबाने हवा भरावी आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत.

पाइपच्या आत ऑइलचा पातळ थर दिसला म्हणूनही घाबरू नये. क्रँककेसच्या ब्रीदरमधून (इंजिनाच्या खालच्या भागातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येणारी थोडी वाफ तिथे बसतेच. निळा धूर येत असेल, तर तो ब्रीदर आणि टर्बोची ऑइल परत नेणारी नळी तुंबली आहे का, हे आधी पाहावे, नाहीतर नवा टर्बोही तसाच धूर काढेल. थंड इंजिनात इनटेकचा पाइप काढून शाफ्ट बोटांनी हलवला असता आडवा किंचित हलणे स्वाभाविक आहे, पण तो मागे-पुढे सरकत असेल किंवा पंख्याची पाती भोवतीच्या आवरणाला घासल्याच्या खुणा असतील, तर मात्र टर्बो खरोखरच बदलावा लागतो.