पर्यावरण परिषदेसाठी तलावातला ऑक्सिजन कसा मोजावा

विद्यार्थ्यांच्या पर्यावरण विज्ञान परिषदेत मांडायला ‘ठाण्यातील तलावांचे प्रदूषण’ हा विषय चालत नाही. ते धड्याचं शीर्षक झालं. मोजून उत्तर देता येईल असा प्रश्न घ्या: ‘मासुंदा तलावातल्या विरघळलेल्या ऑक्सिजनमध्ये पहाटे आणि दुपारी किती फरक पडतो?’ मासुंदाऐवजी उपवन किंवा कचराळी घेतलात तरी चालेल, पण तलाव एकच ठेवा.

आखणी आधी कागदावर करा. दोन जागा, पहाटे सहा आणि दुपारी तीन अशा दोन वेळा, प्रत्येक वेळी तीन बाटल्या. म्हणजे दिवसाला १२ आणि तीन दिवसांच्या ३६. दोन्ही जागा कारंजं आणि नाल्याचं तोंड यांपासून दूर निवडा. महापालिकेची परवानगी आणि सोबत एक मोठं माणूस, या दोन्हींशिवाय काठावर उतरू नका.

मोजण्याची पद्धत विंकलरची: पाण्यातला ऑक्सिजन आधी रसायनांनी बांधून घ्यायचा, मग मोजायचा. ३०० मिलिलिटरची, काचेच्या तिरक्या बुचाची बीओडी बाटली (ऑक्सिजन मोजायची खास बाटली) घ्या. ती सुमारे २० सेंटिमीटर खोल, आडवी धरून हळूहळू भरू द्या आणि बूच पाण्याखालीच लावा. निम्मे प्रयोग इथेच फसतात. बुचाखाली वाटाण्याएवढा जरी बुडबुडा राहिला तरी त्यातला ऑक्सिजन पाण्यात उतरतो आणि आकडा फुगतो. बाटली उलटी करून उजेडाकडे धरा. बुडबुडा दिसला तर ओतून द्या आणि पुन्हा भरा. पाण्याचं तापमानही तिथल्या तिथे लिहून घ्या.

आता काठावरच २ मिलिलिटर मँगनीज सल्फेट आणि २ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड घाला. पिपेटचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाच्या जरा खाली हवं. बूच लावताना थोडं पाणी सांडेल, सांडू द्या. बाटली १५ वेळा उलटसुलट करा. तपकिरी साका (खाली बसणारा गाळ) आला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. हातमोजे आणि चष्मा लागेलच: अल्कलीने कातडी भाजते, अझाइड विषारी आहे. बाटल्या अंधारात ठेवून प्रयोगशाळेत न्या. सल्फ्युरिक आम्ल तलावावर नेऊ नका, ते शिक्षकांच्या हाताने शाळेतच घालायचं, २ मिलिलिटर. हलवल्यावर साका विरघळून पाणी पिवळं-तपकिरी होतं.

त्यातलं २०३ मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल (हे तीव्रतेचं एकक) सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन करा, म्हणजे ते ब्युरेट या खुणांच्या नळीतून थेंबाथेंबाने रंग जाईपर्यंत घाला. २०० का नाही? पहिल्या दोन द्रावणांनी ३०० पैकी ४ मिलिलिटर नमुना बाहेर ढकललेला असतो, २०० च्या हिशेबाने ती तूट भरून काढायला हे तीन. रंग फिकट गवती झाला की मगच स्टार्च घाला. आधी घातलंत तर निळा रंग चिवटपणे रेंगाळतो. निळा रंग पहिल्यांदा गेला की ब्युरेट वाचा. तो थोड्या वेळाने परत येतो, तिकडे बघायचं नाही. लागलेलं १ मिलिलिटर म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम ऑक्सिजन, आकडेमोड एवढीच. तीन बाटल्यांत लिटरला ०.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त तफावत आली तर पुन्हा मोजा. उरलेली द्रावणं तलावात ओतायची नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

आलेखावर संपृक्ततेची, म्हणजे त्या तापमानाला हवेतून पाण्यात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन विरघळतो त्याची रेघ जरूर काढा: गोड्या पाण्यासाठी २५ अंश सेल्सिअसला लिटरला सुमारे ८.३ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.६. दुपारचा आकडा तिच्याही वर गेला की मुलं घाबरून तो खोडतात. खोडू नका. हिरव्या पाण्यातलं शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि तो हवेत निसटेपर्यंत पाण्यात जास्तीचा साठतो. रात्री मात्र तेच शेवाळ आणि जिवाणू ऑक्सिजन वापरत राहतात, म्हणून तळ गाठला जातो पहाटे. अशा तलावातले मासेही बहुधा पहाटेच मरतात. फक्त दुपारी मोजून ‘तलाव निरोगी’ असं लिहिणाऱ्याला परीक्षक ‘पहाटे किती होता?’ हाच प्रश्न विचारतील. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आंघोळीच्या पाण्यासाठीचा निकष लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आहे. त्याचीही रेघ काढा आणि पहाटेचा बिंदू तिच्या कुठे पडतो ते दाखवा.

पोस्टरवर हा एक आलेख मोठा असू द्या. तलावाच्या इतिहासाला दोन ओळी पुष्कळ झाल्या. नोंदवही पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवून काढू नका. पाण्याचे डाग पडलेली, खाडाखोड असलेली मूळ वहीच टेबलावर ठेवा.