माहितीपटाकडून कथापटाकडे वळताय? या चुका टाळा

माहितीपट करणाऱ्याची नजर तयार असते आणि माणसं त्याच्याशी मोकळेपणी बोलतात. तरीही पहिल्या कथापटात तो अडकतो, तो बहुतेकदा जुन्या सवयींपायीच.

सगळ्यात महागात पडते ती ‘एडिटला बघू’ ही सवय. माहितीपटाची गोष्ट बऱ्याचदा एडिट टेबलावरच सापडते. कथापटात मात्र सेट उतरला की राहिलेला शॉट राहिलाच. समजा, आई पत्र वाचतेय आणि मुलगा दारात येतो. कॅमेरा हातात धरून सलग टेक घेतला, सगळे खूश. एडिटला लक्षात येतं की पत्र ओळखतानाचा मुलाचा चेहरा कुठेच नाही. माहितीपटात खिडकीचा कटअवे (मध्येच घातलेला दुसऱ्याच गोष्टीचा शॉट) टाकून, वर निवेदन चढवून निभावलं असतं. इथे ती सोय नाही. म्हणून शूटच्या आदल्या रात्री प्रत्येक सीनपुढे लिहा: इथे नेमकं काय बदलतं? तो बदल दाखवणारा शॉट आधी उरका. उजेड गेला तर बाकीचे सोडता येतात.

संवादांत तर मुलाखतीची भाषा हमखास शिरते. मुलाखतीत माणूस अनोळखी माणसाला समजावून सांगत असतो. घरातली माणसं एकमेकांना माहीत असलेलं सांगत बसत नाहीत. ‘तुला माहीतच आहे, बाबांना जाऊन तीन वर्षं झाली,’ असं कुठला भाऊ बहिणीला म्हणेल? ‘बाबांची स्कूटर विकायची का?’ एवढं पुरे. संवाद ऐकताना कॅमेऱ्यामागे मुलाखतकार उभा आहे असं वाटलं, तर ती ओळ सरळ काढा.

खरी माणसं घेतली की अभिनयही खरा होतो, हा आणखी एक गोड गैरसमज. तिसऱ्या टेकला तीच माणसं स्वतःची नक्कल करू लागतात. माहितीपटांकडून आलेल्या मीरा नायर यांनी १९८८च्या ‘सलाम बॉम्बे!’मध्ये रस्त्यावरची मुलं घेतली, पण शूटिंगआधी त्यांची कार्यशाळा घेतली. त्यासाठीचे दिवस वेळापत्रकात आधीच धरा.

हलता कॅमेरा म्हणजे सत्य, हेही डोक्यातून काढा. प्रेक्षकाला तो नुसता हलताना दिसतो.

आणि मोठ्या युनिटचा मोह! बेल्जियमचे दार्देन बंधू मूळचे माहितीपटवाले. १९९२चा त्यांचा कथापट तुलनेनं मोठ्या व्यवस्थेत झाला आणि त्यांचं त्यांनाच समाधान झालं नाही. मग छोटं युनिट, फारसे माहीत नसलेले चेहरे घेऊन त्यांनी १९९६मध्ये ‘ला प्रोमेस’ केला. १९९९मध्ये त्यांच्याच ‘रोझेटा’ला कान महोत्सवात पाम द’ओर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. छोटं युनिट ठेवा, पण कंटिन्युइटी (शॉटमागून शॉट कपडे, वस्तू, हालचाली जुळतात का ते) बघणारा आणि अनुभवी सहायक दिग्दर्शक यांच्यावर काटकसर नको. माहितीपटात ही कामं तुम्ही एकट्यानं रेटली असतील, इथे जमत नाही.

राहिली कागदपत्रं. माहितीपटासाठी कुणी दिलेली संमती त्याच्या आयुष्यावर कथापट करायला चालेलच असं नाही. पटकथा लिहायला घेण्याआधी वकिलाकडून नवा करार करून घ्या.