एबीसी खात्यात श्रेयांक दिसत नव्हते : माझा अनुभव
मी मार्गदर्शन करत असलेल्या एका विद्यार्थिनीच्या गुणपत्रिकेवर पहिल्या सत्राचे 22 श्रेयांक (क्रेडिट) छापलेले असूनही डिजिलॉकरशी जोडलेल्या तिच्या एबीसी (ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे श्रेयांक साठवणारी डिजिटल बँक) खात्यात एकही श्रेयांक दिसत नव्हता. ॲप पुन्हा घेतले, आधारवरील नावाचा क्रमही तपासला. महिनाभराच्या हेलपाट्यांनी ती रडकुंडीला आली होती. अखेर तिच्या परीक्षा अर्जाची छापील प्रत डिजिलॉकरमधील एबीसी आयडीशेजारी ठेवून आयडीचे 12 आकडे एकेक करून वाचले, तेव्हा अर्जात शेवटच्या दोन आकड्यांची अदलाबदल सापडली. प्रथम डिजिलॉकरमधील आयडीची प्रत काढली, तिला गुणपत्रिका जोडून महाविद्यालयामार्फत परीक्षा विभागाकडे दुरुस्तीचा अर्ज दिला आणि पोच घेतली. विद्यापीठाने दुरुस्त नोंद पुन्हा पाठवल्यावर श्रेयांक जमा झाले; विद्यार्थ्याला ते स्वतः भरता येत नाहीत.