गुन्हा नोंदलेल्या कॅनेडियन नागरिकाने अमेरिकेच्या प्रवेशासाठी माफीचा अर्ज कसा करावा

इथे माफी म्हणजे गुन्ह्याची नोंद असूनही अमेरिकेने तात्पुरत्या प्रवेशासाठी दिलेली सूट (वेव्हर). आधी अर्जाची गरज आहे का, ते पाहा. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या एकाच साध्या शिक्षेने सहसा प्रवेश अडत नाही. चोरी, फसवणूक, अमली पदार्थ असतील तर मात्र कागद नीट तपासून घ्या. आणि कॅनडाने गुन्ह्याबद्दल दिलेली माफी (पार्डन) अमेरिका मानत नाही, म्हणून ‘माझी नोंद बंद झाली’ या भरवशावर सीमेवर जाऊ नका.

अर्जाचा फॉर्म आय-१९२. तो ई-सेफ या संकेतस्थळावर किंवा ठरावीक प्रवेशनाक्यांवर भरता येतो. ऑनलाइन भरलात तर ४५ दिवसांत नाक्यावर जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. शुल्क परत मिळत नाही.

आरसीएमपीचा (कॅनडाच्या केंद्रीय पोलिसांचा) ठशांवर आधारित गुन्हे-नोंदीचा अहवाल हवा, नुसत्या नावावरून काढलेला चालत नाही. त्यावरची तारीख अर्ज करण्याआधीच्या १५ महिन्यांतली असावी. प्रत्येक शिक्षेचे न्यायालयीन कागद जोडा. ते नष्ट झाले असतील तर तसे न्यायालयाचे पत्र घ्या.

खरी मेहनत अर्जासोबतच्या स्वतःच्या लेखी निवेदनावर घ्या. अधिकारी तीन गोष्टी तोलतात: समाजाला धोका किती, गुन्हा किती गंभीर, जाण्याचं कारण काय. म्हणून ‘चूक झाली’ एवढंच न लिहिता कधी, काय, कशामुळे घडलं आणि त्यानंतर काय बदललं ते सांगा. नोकरीचं पत्र, व्यसनमुक्तीचं प्रमाणपत्र जोडा. एखादी जुनी अटक लपवलीत तर ती ठशांवरून सापडू शकते, आणि मग मूळ गुन्ह्यापेक्षा लपवाछपवीच महागात पडते.

मंजुरी जास्तीत जास्त ५ वर्षांची असते. निर्णयाला काही महिने लागू शकतात, तेव्हा तिकीट आधी काढू नका.